शकु मेश्रामची एकाहत्तर माणसं

शकुचं माहेर जबलपूरच्या रांझीत. लहानपणी तिथं तिला कुणी शकु म्हणतच नसे, 'काहून' म्हणत, म्हणजे आपलं 'का'. बापानं सायकलच्या साखळीला तेल घातलं की ही विचारणार, काहून? आईनं पोळपाट उपडा ठेवला की, काहून? चौथीत गुरुजींनी सांगितलं, शून्यानं भागायचं नाही. झालं! पोरगी उभीच राहिली. "गुरुजी, काहून नाही भागायचं?" गुरुजींनी आधी डोळे वटारले, मग पट्टी दाखवली, शेवटी वर्गाबाहेर उभं केलं. आता मला सांगा, ह्यात पोरीचा काय गुन्हा? गुरुजींना येत नव्हतं, एवढंच ना! पण आपल्याकडची रीतच आहे. उत्तर नसलं की प्रश्न विचारणाराच आगाऊ ठरतो.

बारावी सायन्स झाली आणि लग्न झालं. नवरा मोहन मेश्राम, गोहलपुरात भय्यासाहेबांच्या वर्कशॉपात लेथवर. घर अधारतालला, दोन खोल्या. माणूस मोठा गुणाचा. बायकोच्या प्रश्नांना तो कधी वैतागला नाही. "उद्या उस्तादला विचारून सांगतो," म्हणायचा आणि खरंच विचारून यायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, पण तिच्या नशिबानं तो फार दिवस ठेवला नाही. दोन हजार तीनच्या मे महिन्यात लेथ बंद करून तो माठापाशी पाणी प्यायला गेला, तिथंच बसला, तो बसलाच. चाळिशीही गाठली नव्हती. पदरात एक मुलगी, मीरा, तेव्हा आठवीत.

भय्यासाहेब स्वतः घरी आले. घराणं जुनं, मराठ्यांच्या चाकरीत जबलपूरला आलेलं, पण ह्यांच्या वडलांपासून लोखंडातच हात काळे. म्हणाले, "शकुबाई, बारावी झाली आहे ना? औजारखान्यात बसा. बसल्या जागचं काम आहे." आणि मोहनचा सत्तावीस नंबर तिला दिला.

ह्या नंबराचं जरा नीट सांगतो, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. त्या वर्कशॉपात प्रत्येक कामगाराला पितळेचे दहा बिल्ले मिळत, प्रत्येकावर त्याचा नंबर ठोकलेला. औजार न्यायचं तर त्या औजाराच्या खुंटीवर आपला बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी औजार परत, बिल्ला परत. रजिस्टरात काय लिहायचं? तारीख आणि नंबर, बस. नाव लिहायची गरजच नव्हती, कारण तिथं नंबर म्हणजेच माणूस. आणि बाप रिटायर झाला, मुलगा कामाला लागला, तर बापाचा नंबर मुलाला. भावाचा भावाला. नवा कोरा नंबर घेणं म्हणजे कमीपणा वाटे लोकांना. देवीदास टर्नर तर छाती काढून सांगायचा, "चौदा नंबर माझ्या बापाचा, सुखरामचा. मी घेतला." जणू काय चौदा गावांची पाटीलकी मिळाली होती!

औजारखाना शकुला असा मानवला की विचारू नका. पाने, कानशी, आटे पाडायचे टॅप, ड्रिल, मखमलीच्या पेटीत ठेवलेले बारीक मापाचे गेज. जो माणूस खिडकीशी येईल त्याला हिचा प्रश्न ठरलेला. टॅप काहून तुटला? गेजला हातानं काहून धरायचं नाही? आणि माणसं सांगायची हो! मोहनची बायको म्हणून सुरुवातीला सांगितलं, पुढं हिच्याशी बोलायला मजा येते म्हणून. पाच वर्षांत तिला औजारं डोळे मिटून ओळखू येऊ लागली. हाताच्या उबेनं पोलाद फुगतं, म्हणून गेजला कापडानं धरायचं, हे तिला कळलं त्या दिवशी ती घरी जाऊन मीराला दोनदा सांगून बसली.

दोन हजार आठ उजाडलं आणि वर्कशॉपाला फर्मान आलं. ज्या मोठ्या कारखान्याचं काम इथं व्हायचं, त्यांना गेजचा सगळा इतिहास कॉम्प्युटरवर हवा होता. कोणता गेज, कोणत्या दिवशी, कोणाच्या हाती, मागच्या पंधरा वर्षांचा. भय्यासाहेबांनी नेपियर टाउनमधल्या एका कंपनीशी बोलणं केलं. कंपनी प्रोग्राम बसवणार आणि औजारखान्यात आपला शिकलेला माणूसही बसवणार.

"आणि मी?" शकुनं विचारलं.

"तुम्ही पॅकिंगला जा ना. पगार तोच. ग्रीस लावायचं, खाकी कागदात गुंडाळायचं. काही कटकट नाही."

कटकट नाही! औजारखान्याच्या खिडकीवर सगळं वर्कशॉप येऊन बोलायचं. पॅकिंगला काय, कागदाला विचारायचं, बाबा रे, तू काहून फाटला? ती पटकन बोलून गेली, "भय्यासाहेब, तो प्रोग्राम मी करून पाहू का?"

बाजूला देवीदास उभा होता, तो फिस्सकन हसला. "वहिनी, कॉम्प्युटर आहे तो, कुकर नाही." भय्यासाहेबही हसले, पण माणूस हिशेबी. घरचं घरी होत असेल तर नको कशाला म्हणायचं? म्हणाले, "दोन महिने. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी कंपनीचा माणूस येईल. तोवर तुमचं चालतं झालं तर औजारखाना तुमचा. नाही तर पॅकिंग. मग कुरकुर नको."

मीरा तेव्हा बीसीए शिकत होती आणि कॉलेजात जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा चालू होती. घरात कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर होता, सुरू व्हायला स्वयंपाकाइतका वेळ घ्यायचा. रोज संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली की माय-लेकी त्याच्यापुढं बसू लागल्या. मीराला मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र हिंदी मध्ये घुसायची. क्लास म्हणजे वस्तूचा नमुना, ऑब्जेक्ट म्हणजे त्या नमुन्यावरून केलेली वस्तू, हे शकुनं एका बैठकीत गिळलं. तिनं 'औजार' नावाचा क्लास केला, 'कामगार' नावाचा केला. मग लिस्ट आली.

"आई, ये एक थैली समझ. इसमें कुछ भी डाल, काहीपण."

"काहीपण?" शकुला तेव्हाच ते खटकलं होतं. पण शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशी गुरूला टोकू नये म्हणून गप्प राहिली. तिनं लिस्टमध्ये औजारं भरली, आणि चुकून त्याच लिस्टमध्ये एक कामगारही गेला. थैलीनं चूपचाप घेतला. तीन दिवसांनी तिनं सगळ्या औजारांची मापं मागितली, तर दहा मापं नीट आली आणि अकराव्याला प्रोग्राम धाडकन पडला. लाल अक्षरात म्हणतो, हे औजार नाही, कामगार आहे.

शकु उसळली. "अरे वा रे वा! टाकताना तोंडाला कुलूप होतं का? मी तीन दिवस भरून राहिली अन् हा आज सांगून राहिला?"

मीरा हसून हसून लोळली. "आई, अगला चॅप्टर तेच आहे."

पुढच्या धड्यात कोनी कंस होते. थैली शिवतानाच तिच्यावर लिहायचं, लिस्ट<औजार>. मग तिच्यात कामगार टाकून तर पाहा! प्रोग्राम सुरूच होत नाही. कंपायलर नावाचा पहारेकरी दारातच अडवतो, दाखव हातात काय आहे. ह्याला जेनेरिक म्हणतात, आणि गंमत म्हणजे लिस्टचा नमुना एकदाच लिहिलेला असतो. तिथं वस्तूच्या जागी नुसतं टी हे अक्षर.

"टी म्हणजे कोण?"

"कोई भी. जे तू सांगशील ते."

शकु एकदम म्हणाली, "म्हणजे लग्नपत्रिकेचा नमुना! छापखान्यात टांगलेला असते ना? चि. अन् चि. सौ. कां. पुढं जागा कोरी. पत्रिका तीच, नावं ज्याची त्यानं द्यायची." मीरानं दुसऱ्या दिवशी हेच उदाहरण कॉलेजात सांगितलं आणि सरांनी ते आपलं म्हणून पुढच्या वर्गात खपवलं. चालायचंच.

पण शकुचं डोकं एवढ्यावर थांबणारं थोडंच! दोन दिवसांनी तिनं नवीनच काढलं. गेज हेही औजारच. तिनं तसं लिहिलंही होतं, गेज हा औजाराचाच एक प्रकार. मग जिथं औजारांची लिस्ट मागितली आहे तिथं गेजची लिस्ट दिली तर पहारेकरी नाही म्हणतो!

"काहून? गेज औजार नाही का?"

"आहे."

"मग गेजची यादी औजारांची यादी काहून नाही?"

मीरानं पानं उलटली. पुस्तकात 'चालत नाही' एवढंच. पुन्हा ते चौथीतले गुरुजी! शकु तो प्रश्न घेऊन झोपली, उठली, डबा भरला, ऑटोत बसली. आणि गोहलपूरच्या वळणावर, दोन बायकांच्या मधे दाटीवाटीत बसलेली असताना, तिनं मांडीवर थाप मारली. ती थाप शेजारणीच्या मांडीवर बसली, ती गोष्ट वेगळी.

अहो, किती सोपं! समजा गेजची मखमली पेटी मी कुणाच्या हाती दिली आणि म्हटलं, ही औजारांची पेटी आहे. तो तिच्यात काय टाकेल? हातोडा! त्याची काय चूक? हातोडा औजारच आहे. आणि मखमलीवर हातोडा आदळला की केसाच्या जाडीइतकाही फरक दाखवणारा गेज गेला कामातून. पेटीतून काढायपुरती ती औजारांची पेटी म्हणायला हरकत नाही. टाकायची वेळ आली की ती फक्त गेजची. संध्याकाळी तिनं हे मीराला सांगितलं तेव्हा मीरानं पुस्तकच मिटलं. म्हणाली, "आई, हे तुला कोणी सांगितलं?" "सांगते कोण? हातोड्यानं सांगितलं," शकु म्हणाली, आणि इतकी खूश झाली की त्या दिवशी भाजी करपली तरी कुणी काही बोललं नाही.

मग सेट शिकली, ज्यात एक वस्तू एकदाच राहते. आणि मग मॅप. मॅप पाहिल्यावर तर ती हसायलाच लागली, कारण तो तिचा रोजचा खुंट्यांचा फळा होता. इकडं खूण द्यायची, तिकडून वस्तू मिळते. नंबर द्या, कामगार घ्या. तिनं ऐटीत लिहिलं, मॅप<नंबर, कामगार>. पहारेकऱ्यानं सलाम ठोकून आत सोडलं.

मग सुरू झाली भरणी. जुन्या मस्टरावरून तिनं वर्कशॉप सुरू झाल्यापासूनचे सगळे कामगार कॉम्प्युटरवर एका तक्त्यात उतरवले, सगळ्यात जुना आधी, सगळ्यात नवा शेवटी. एकाहत्तर माणसं. प्रत्येकासाठी वहीत पेनानं बरोबरची खूण. तक्त्यावरून ती माणसं मॅपमध्ये गेली. मग पंधरा वर्षांची गेजची रजिस्टरं. मीरानं कॉलेज सांभाळून अर्धी टाइप केली. शेवटचा सोमवार तोंडावर आला आणि आदल्या रविवारी दुपारी घरच्या कॉम्प्युटरवर सगळं तयार. गेज नंबर नऊ मागितला की तारखा खाली उतरायच्या आणि प्रत्येक तारखेपुढं माणसाचं नाव. मीरा टाळ्या पिटत होती.

"मॅपमध्ये माणसं किती आहेत ते विचार बरं," शकु म्हणाली. उगाच. खात्री नव्हती असं नाही, पण ते पाहायची हौस.

मीरानं विचारलं. उत्तर आलं, त्रेसष्ट.

"एकाहत्तर आहेत."

"तूने दो बार गिना होगा, आई."

"मी गिनत नाही, मी खुणा करते." तिनं वही पुढं ओढली. खुणा एकाहत्तर. पुन्हा मोजल्या, एकाहत्तर. मग आठ माणसं गेली कुठं? पहारेकऱ्यानं एका शब्दानं तक्रार केली नव्हती. प्रोग्राम पडला नव्हता. लाल अक्षर नाही, काही नाही. त्यांनी मॅपमधली नावं एकेक करून पडद्यावर काढली आणि शकु बोट ठेवून वाचत गेली. चौदा, देवीदास. बरं, मग सुखराम? सुखराम नाही. एकोणीस, धाकटा भाऊ आहे, थोरला नाही. आणि मग सत्तावीस.

सत्तावीस, शकुंतला मेश्राम.

"मोहन कुठी आहे?" शकुनं विचारलं. "मीरा, तुझे बाबा कुठी आहेत? मी भरलं होतं त्यांचं नाव. खूण आहे."

मीरानं पुस्तक चाळलं, पान काढलं, आणि हळू आवाजात वाचून मराठीत सांगितलं. मॅपमध्ये एका नंबराला एकच माणूस. त्याच नंबरावर दुसरा ठेवला तर पहिला निघतो. मॅप त्याला फेकत नाही, आई. नवा आत ठेवते अन् जुना आपल्या हातात परत देते. आपण हात पुढं केलाच नाही.

शकुच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. प्रोग्राम चुकला म्हणून नव्हे. आधी मोहनचं नाव तिनं स्वतः टाइप केलं होतं, मग त्याच नंबरावर स्वतःचं, आणि तेवढ्यात तो गेला होता, आणि तिला कळलंही नव्हतं. माठापाशी गेला तेव्हासारखंच. मीरानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग रडणं थांबलं आणि डोकं चालू झालं. चूक कंपायलरची नव्हती. तो बिचारा एवढंच बघतो की नंबराच्या जागी नंबर आहे ना आणि माणसाच्या जागी माणूस. नंबर म्हणजेच माणूस, हे तर आपणच धरून चाललो. अख्खं वर्कशॉप तीस वर्षं धरून चाललंय! पण चौदा नंबरानं अठ्ठ्याण्णव साली गेज नेला तो सुखरामनं. आणि प्रोग्राम सांगतोय देवीदासनं. देवीदास तेव्हा शाळेत होता.

"एका नंबराला एक माणूस नाही," ती म्हणाली. "एका नंबराला माणसांची यादी पाहिजे. अन् प्रत्येकापुढं, कधीपासून कधीपर्यंत."

"मॅप<नंबर, लिस्ट<कामगार>>," मीरा म्हणाली. "आई, ऐसा भी होता है! कंसात कंस."

ते अर्ध्या तासात लिहून झालं. पण कोण कधी लागलं आणि कधी गेलं त्या तारखा ऑफिसच्या कपाटातल्या फायलींत, आणि कपाटाला रविवारचं कुलूप. चार दिवस तरी हवेत. मीरानं सुचवलं, "आई, उद्या जुनंच दाखव ना. भय्यासाहेब आत्ताच्या लोकांचं विचारतील. कुणाला कळणार आहे?" झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय. शकुच्या मनात आलंच नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी ऑटोत बसेपर्यंत ती मूठ झाकलेलीच होती.

पण भय्यासाहेबांच्या समोर उभी राहिली आणि तोंडातून खरंच बाहेर पडलं. "भय्यासाहेब, माझा प्रोग्राम चुकीचा आहे. आठ माणसं हरवली. चार दिवस द्या."

भय्यासाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे बनवणारीच म्हणते चुकीचा? मग मी बघू काय? शकुबाई, शब्द झाला होता आपला." कंपनीचा माणूस बाहेर येऊन बसलेलाच होता. त्याचं नाव अच्युत, तिशीचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग. औजारखान्याच्या किल्ल्या त्याच दिवशी त्याच्याकडं गेल्या आणि शकु पॅकिंगला.

दोन दिवस तिनं ग्रीस लावलं आणि कागद गुंडाळले. जेवणाच्या सुट्टीत देवीदास येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण ना! कोण सांगते का असं? हात दाखवून अवलक्षण." ती म्हणाली, "तुझा बाप हरवला होता त्यात, तुले चाललं असतं का?" त्याला काहीच कळलं नाही, तेव्हा तिनं सगळं उलगडून सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

बुधवारी दुपारी अच्युत कामगारांचा तक्ता घेऊन भय्यासाहेबांकडं निघाला होता. शकुनंच केलेला तक्ता तो, त्यानं सरळ आपल्या प्रोग्रामात ओतला होता. पॅकिंगच्या टेबलावरून शकुनं हाक मारली. तिला राहवेचना.

"भैया, एक विचारू? तुमच्या प्रोग्रामात माणसं किती आली?"

"त्रेसष्ट, ताई. सगळी बरोबर, एकही एरर नाही."

"तक्त्यात एकाहत्तर होती."

अच्युत थांबला. हसला. मग हसू मावळलं. त्यानं तिथंच खोक्यावर लॅपटॉप उघडला, तक्ता मोजला, पुन्हा मोजला. मनुष्य चांगला होता. "तुम्हाला काय कळतं" असं म्हणाला नाही. "ताई, आठ कुठं गेले?" त्यानंच तिला विचारलं. आणि शकुनं त्याला बिल्ल्यांची रीत सांगितली, बापाचा नंबर मुलाला, भावाचा भावाला. "ये मुझे किसी ने बताया ही नहीं," अच्युत म्हणाला आणि कपाळाला हात लावला. सांगणार कोण? तिथल्या माणसांना ते सांगण्यासारखं वाटतच नव्हतं. आणि नवख्याला विचारायचं सुचणार कसं?

दोघं भय्यासाहेबांपुढं गेली. अच्युतनं चूक कबूल केली आणि उपायही दिला. "साहेब, सोपं आहे. ज्या आठ जणांना जुना नंबर मिळालाय त्यांना नवे नंबर देऊ. एक माणूस, एक नंबर. उद्या संपलं."

"छान," भय्यासाहेब म्हणाले. "देवीदासला चौसष्ट द्या. शकुबाईंना पासष्ट."

खिडकीतून देवीदास ओरडला, "मी बापाचा नंबर सोडणार नाही! नोकरी सोडीन!" झाली बोंबाबोंब. भय्यासाहेबांचा आवाज चढला, देवीदासचा त्याहून चढला.

"ओरडू नको रे," शकु म्हणाली. "भय्यासाहेब, भावनेचं सोडा. नवा नंबर उद्यापासून लागेल. पंधरा वर्षांच्या रजिस्टरात चौदाच लिहिलेलं आहे. दोन हजार एकपर्यंत ते सुखरामकाका, नंतर देवीदास. ते चौदा आता कोण वाचून देणार? कारखान्याला मागचंच पाहिजे ना, पुढचं कुठी मागितलं त्यांनी?"

अच्युत म्हणाला, "साहेब, ताई बरोबर आहेत. माझ्या उपायानं काहीच सुटत नाही." मग तिच्याकडं वळून, "तुम्ही काय केलं होतं?"

शकुनं पर्समधून घडी केलेला कागद काढला, रविवारी लिहिलेला. मॅप<नंबर, लिस्ट<कामगार>>. खाली, कामगारापुढं दोन तारखा. रजिस्टरातली तारीख कोणाच्या दोन तारखांच्या मधे बसते ते पाहायचं, तोच तो माणूस. अच्युतनं दोनदा वाचलं. "मी हे वापरू का, ताई?" त्यानं विचारलं. "आणि साहेब, आमचा माणूस बसवून उपयोग नाही. ह्या खिडकीत कोण बसतं ते महत्त्वाचं आहे. मला दोन दिवसांत जे कळलं नाही ते ह्यांनी एका प्रश्नात काढलं."

भय्यासाहेबांनी टेबलाचा खण उघडला. मग म्हणाले, "फायलींच्या कपाटाची किल्ली घ्या, शकुबाई. आणि औजारखान्याचीही." आणि मग थोडं चिडूनच, "त्या सोमवारी हे सगळं नीट सांगता आलं नाही का तुम्हाला?" आता घ्या! ऐकलं कोणी होतं?

चार दिवसांऐवजी तीनच लागले. अच्युत शेजारी बसून भरत होता, त्याच्या फॉर्मला प्रत्येक रकाना भरलेला लागे. शकु फायलीतून तारखा वाचायची, तो टाइप करायचा. सुखराम, कधीपासून, कधीपर्यंत. देवीदास, कधीपासून; जे अजून कामावर आहेत त्यांच्या 'कधीपर्यंत'मध्ये अच्युत न विचारता पुढची एखादी तारीख टाकून देई. शनिवारी दुपारी शकुनं शेवटी ठेवलेला सत्तावीस नंबर आला. मोहन मेश्राम. शकुनं फाइल उघडलीच नाही. दोन्ही तारखा तोंडानं सांगितल्या. त्याच्या खाली, त्याच नंबरात, शकुंतला मेश्राम, कधीपासून, तीही सांगितली. पडद्यावर दोघांची नावं एकाखाली एक आली. माणसं एकाहत्तर झाली.

अच्युत थांबून होता. "ताई, तुमचं 'कधीपर्यंत' राहिलं. फॉर्म रिकामा सोडू देत नाही. बाकीच्यांसारखी पुढची एखादी तारीख टाकू का?"

"फॉर्म बदला," शकु म्हणाली. "ते रिकामंच राहू द्या. मी आहे अजून."